जुन्या गोळ्यांचं काय?

दादरला रानडे रोडवरच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी साडेसातला उभं राहायला जागा नसते. त्या गर्दीत एक बाई काउंटरवर दोन पिशव्या रिकाम्या करत होती. एक हॉस्पिटलच्या नावाची, करकरीत; तिच्यात फाईल, एक्सरे आणि औषधांच्या नव्या पुड्या. दुसरी साडीच्या दुकानाची, एक बंद तुटलेला. तिच्यात घरातला औषधांचा डबा तसाच्या तसा उलटा केलेला. सासऱ्यांना दुपारी घरी सोडलं होतं. तिने नवी स्ट्रिप उजव्या हातात धरली, जुनी डाव्या हातात आणि विचारलं, "काका, ही नवी दिलीय बीपीची. मग ही जुनी पण चालूच ठेवायची ना?" दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही स्ट्रिपा उलट्या केल्या. नवीवर टेल्मा-एएम, जुनीवर स्टॅम्लो ५. मग त्याने डिस्चार्ज कार्ड मागून घेतलं, एकेका ओळीवर बोट ठेवत खाली गेला, पान उलटलं, परत वर आला. स्टॅम्लोचं नाव कुठेच नव्हतं. चालू ठेवा असंही नव्हतं आणि बंद करा असंही नव्हतं.

मागचा माणूस दहाची नोट नाचवत क्रोसिन मागत होता.

टेल्मा-एएममधलं 'एएम' म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन. स्टॅम्लो म्हणजेही अ‍ॅम्लोडिपिनच. पाच आणि पाच दहा. दहा मिलिग्रॅम हा काही विषाचा डोस नव्हे, पुष्कळ लोक घेतात. पण पंचाहत्तरीचा, आठवडाभर गादीवर पडून राहिलेला माणूस रात्री लघवीला उठतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मोरीच्या उंबऱ्याशी कोसळतो, तेव्हा हिशेब वेगळा होतो. शिवाय हे औषध शरीरातून सावकाश उतरतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे रोजच्या जादा गोळीचा साठा आठवडाभर हळूहळू चढत राहतो. पाय सुजतात तेव्हा दुहेरी गोळी कुणाच्या डोक्यातही येत नाही. सूज दिसली म्हणून जवळचे डॉक्टर लघवी होण्याची गोळी देतात, त्या गोळीने सोडियम उतरतं, म्हातारा असंबद्ध बोलायला लागतो आणि रिक्षा पुन्हा हॉस्पिटलच्या दाराशी. केसपेपरवर येतं: सोडियम कमी, चक्कर, पडझड. मूळ कारण साडीच्या दुकानाच्या पिशवीत असतं.

हॉस्पिटलच्या कागदांना सुरुवात लिहायची सवय असते. हे औषध सुरू, ही नळी घातली, हा ऑक्सिजन लावला, ही तपासणी पाठवली. ते कधी थांबवायचं, कोणी काढायचं, कुठे संपतं, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं. तो ड्युटी संपवून घरी गेला की शेवटही त्याच्याबरोबर घरी जातो. पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो, कॅज्युअल्टीतून वॉर्डात, वॉर्डातून आयसीयूत, राजावाडी हॉस्पिटलातून सायन हॉस्पिटलात किंवा नुसता घरी, तेव्हा गळतात ते नेमके हे शेवट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणाऱ्या इजा कमी करण्याची मोहीम जाहीर केली, तिच्यात तीन जागा मुद्दाम धोक्याच्या म्हणून निवडल्या आणि त्यातली एक ही हातबदलाची. २००३ साली छापून आलेल्या एका पाहणीसाठी अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयातून घरी गेलेल्या ४०० जणांचा माग काढला गेला, तेव्हा ७६ जणांना घरी गेल्यावर उपचारांमुळेच काही ना काही त्रास झालेला आढळला. त्यातला जवळपास दोन तृतीयांश औषधांचा होता. आपल्या वॉर्डांत काम करणाऱ्या कुणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही.

डिस्चार्जचा दिवस आठवून पाहा. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर म्हणतात, "आज घरी." साडेनऊला घरच्यांचे फोन सुरू. मग बिल, मग मेडिक्लेमची मंजुरी. विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी असा नियम २०२४ मध्ये आला, तरी दुपार सहज उलटते. पेशंटला आतून-बाहेरून ओळखणारा रेसिडेंट डॉक्टर तोवर ऑपरेशन थिएटरात गेलेला असतो. सकाळच्या सिस्टर दुपारच्या सिस्टरना ओव्हर देऊन, म्हणजे पेशंटची माहिती सोपवून, निघालेल्या असतात. कार्ड टाइप होतं ते मागच्या पेशंटच्या कार्डावरून कॉपी-पेस्ट करून. आणि सगळं एकदम जुळून येतं ते संध्याकाळी, जेव्हा खाली टॅक्सी उभी आहे, वॉर्डातले मामा व्हीलचेअर घेऊन दारात आलेत, मावशी चादर ओढायला टेकल्यात आणि कॅज्युअल्टीतून या बेडसाठी दोनदा फोन येऊन गेलाय. तेवढ्यात कुणीतरी औषधांच्या पुड्यांवर बॉलपेनने १-०-१ लिहितं आणि विचारतं, "समजलं ना?"

"हो." या प्रश्नाला दुसरं उत्तर कुणी देतच नाही. इंग्रजी कार्ड, पांढऱ्या कोटातली माणसं, ताटकळलेला टॅक्सीवाला. नाही म्हणण्याची छाती कुणाची? त्यापेक्षा उलटं विचारावं: "ताई, आता घरी गेल्यावर रात्री यांना काय काय द्याल, मला सांगा बघू." दोन मिनिटं लागतात. आणि त्या दोन मिनिटांत असं काही ऐकायला मिळतं की विचारणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. 'एसओएस', म्हणजे गरज पडली तरच, याचा अर्थ रोज रात्री असं समजलेली मंडळी भेटतात. पाच दिवसांची अँटिबायोटिक 'ताप उतरला की सोडायची' असं कुणी सांगतं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असताना गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक 'ती काय, साधी दुखण्याची' म्हणून औषधांत धरलेलीच नसते. काढे, चाटणं, शेजारच्या काकूंनी सुचवलेलं चूर्ण, यांची तर गणतीच नाही.

औषधांचा ताळा जमवणं हे खरं तर वाण्याच्या वहीइतकं सोपं काम आहे. ॲडमिट होताना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायची: इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब, इनहेलर, कातरीने कापलेल्या स्ट्रिपांचे तुकडे, सगळं. (ते तुकडे ही एक स्वतंत्र डोकेदुखी. दुकानदार चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव एका तुकड्यावर जातं आणि तारीख दुसऱ्या.) त्यांची यादी पहिल्या चोवीस तासांत करायची, नाव कंपनीचं नव्हे, आतल्या औषधाचं. थायरोनॉर्म आणि एलट्रॉक्सिन ही वरून दोन औषधं, आतून एकच लेव्होथायरॉक्सिन, हे यादीतच उघड झालं पाहिजे. आणि घरी सोडताना त्याच यादीसमोर तीन रकाने: चालू, बदललं, बंद. 'बंद'च्या पुढे कारण. 'बीपीच्या नव्या गोळीत हेच औषध आहे म्हणून बंद', एवढं. रकाना रिकामा असेल तर तिथे 'काही नाही' असं लिहायचं, कारण रिकाम्या रकान्याचा अर्थ जो तो आपल्या मनाने लावतो. पुष्कळ छापील कार्डांवर 'बंद' हा रकानाच नसतो. जागाच नसेल तर लिहिणार कुठे?

दोन औषधांबाबत मात्र फार कडक राहावं लागतं. पहिलं मेथोट्रेक्सेट. संधिवाताला ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या, मग हीही रोजची होऊन बसते. कधी कार्ड लिहिणाऱ्याच्या हातून, कधी घरी डबा भरणाऱ्याच्या. आठवडा-दहा दिवसांत तोंड आतून सोलवटतं, पांढऱ्या पेशी उतरतात आणि माणूस जिवानिशी जाऊ शकतो. म्हणून कार्डावर 'आठवड्यातून एकदा' एवढंच लिहून भागत नाही. वार लिहायचा, 'फक्त रविवारी', आणि कशासाठी तेही. तिच्या जोडीची फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या वारी. आठवड्याला एक गोळी असेल तर दहाची स्ट्रिप दहा आठवडे पुरते. जो पेशंट दहाव्या दिवशी रिकामी स्ट्रिप घेऊन काउंटरवर येतो, त्याला नवी देण्याआधी दुकानदाराच्या डोक्यात घंटा वाजली पाहिजे.

दुसरं इन्सुलिन. आपल्याकडे बाटलीतलं बरंचसं इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिटचं, पेनातल्या काडतुसातलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन तऱ्हेच्या: लाल टोपीची चाळीसवाली, नारिंगी टोपीची शंभरवाली. वॉर्डात पेन चालू होतं, घरी आल्यावर पेनच्या सुया संपल्या, मुलाने घरात पडलेली लाल टोपीची सिरिंज काढली आणि काडतुसातून वीसच्या रेघेपर्यंत ओढलं. वीसची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. काडतुसातल्या अर्ध्या मिलिलिटरात ५० युनिट असतात. अडीचपट. पहाटे तीनला घामाने भिजलेला, हाक मारली तरी न उठणारा माणूस. उलटीकडची चूकही होते: चाळीसची बाटली आणि नारिंगी सिरिंज, वीसच्या रेघेवर जेमतेम ८ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून डोस वाढत राहतो. युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' लिहिण्याचीही खोड सोडायला हवी. घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. इन्सुलिनच्या ओळीत चार गोष्टी हव्यात: नाव, युनिट हा शब्द पूर्ण, बाटली की पेन, आणि सिरिंजच्या टोपीचा रंग. रंग लिहिलेला कुणाला बाळबोध वाटेल. वाटू दे.

घरी जाण्याची ही तऱ्हा. एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात जाण्याचं गणित आणखी निराळं. तिथे पहिल्यांदा हरवते ती शेवटच्या डोसची वेळ. हार्ट अटॅकचा पेशंट, नाक्यावरच्या नर्सिंग होममध्ये दुपारी चारला रक्त पातळ होण्याचं इंजेक्शन दिलेलं. ते बारा तासांनी द्यायचं. चिठ्ठीवर औषधाचं नाव आहे, वेळ नाही. सहाला मोठ्या हॉस्पिटलात पोचला, तिथल्या डॉक्टरांनी आपल्या रिवाजाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. याच्या नेमकं उलट अँटिबायोटिकचं: रात्री दहाचा डोस अँब्युलन्सच्या वेळेत येतो, या बाजूला वाटतं तिथे देतील, त्या बाजूला वाटतं देऊन पाठवलं असेल, आणि सेप्सिसच्या, म्हणजे अंगभर जंतुसंसर्ग भिनलेल्या, पेशंटचा डोस ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच राहतो. चिठ्ठी लांबलचक नको. काय दिलं, किती दिलं, किती वाजता. आणि पुढचं कधी द्यायचं. सलाईनच्या बाटलीवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेली वेळही कधीकधी पाच पानी समरीपेक्षा कामाची ठरते, कारण पेशंटबरोबर लिफ्टमधून ती नक्की वर जाते. समरी मात्र नातेवाइकांबरोबर खाली रजिस्ट्रेशनच्या रांगेत असते.

मग ऑक्सिजन. बी टाइपच्या काळ्या-पांढऱ्या सिलेंडरची पाण्याची क्षमता साधारण १० लिटर. भरलेला असताना काटा १५० वर. दहा गुणिले दीडशे, म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १० लिटर चालू असेल तर १५० मिनिटं. काटा अर्ध्यावर असेल तर ७५. पिशवीचा मास्क लावून १५ लिटर सोडला तर त्याच अर्ध्या सिलेंडरला ५० मिनिटं. आता डोंबिवलीहून परळला संध्याकाळी सहाला निघा. रस्त्याचा वेळ सगळेच धरतात. धरायचा राहतो तो आधीचा आणि नंतरचा. वॉर्डातून लिफ्टची वाट पाहणं दहा मिनिटं, अँब्युलन्समध्ये चढवणं पाच, आणि पोचल्यावर कॅज्युअल्टीच्या दारात बेड रिकामा होईपर्यंत स्ट्रेचरवर थांबणं; ते किती, हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून जेवढा वेळ वाटतो त्याच्या दुप्पट ऑक्सिजन घ्यायचा. भरलेला आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलवायची आणि तरीही व्हॉल्व्ह उघडून काटा स्वतः बघायचा. सिलेंडर उघडायचा पाना त्याच्याच गळ्यात दोरीने बांधलेला हवा. अँब्युलन्समधला मोठा सिलेंडर संपला, छोटा भरलेला बाजूला पडलाय आणि पाना मात्र वॉर्डात राहिलाय, इतक्या क्षुल्लक गोष्टीवर खेळ अडतो. रेग्युलेटर बसवल्यावर सुई-सुई आवाज येत असेल तर आतला वॉशर बघायचा.

बीपी टिकवण्यासाठी सिरिंज पंपावर नॉरॲड्रिनलिन चालू असेल तर गोष्ट मिनिटांवर येते. हे औषध थांबलं की परिणाम दोन-चार मिनिटांत ओसरतो. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये पंधरा मिनिटांचं उरलंय आणि पेशंट लिफ्टमध्ये, असं होता कामा नये. निघण्याआधी दुसरी सिरिंज भरून, नाव आणि प्रमाण लिहून तयार. पंपाची बॅटरी किती चालते ते प्लग काढून आधीच पाहिलेलं. पंप वर्षभर प्लगला लावलेला असतो, म्हणून त्याची बॅटरी मेलीय हे लिफ्टचं दार बंद झाल्यावर कळतं.

लोकलमध्ये गार्डाच्या केबिनशेजारच्या डब्यात बसलं की गाडी सुटताना घंटा ऐकू येते. गार्ड दोनदा वाजवतो. पुढून मोटरमन तेवढ्याच दोनदा उलट वाजवतो आणि मग गाडी हलते. ऐकलं, कळलं, हे परत वाजवून सांगायचं. पेशंटचा ओव्हर घेताना घेणाऱ्याने नुसतं हं-हं करण्याऐवजी दोन वाक्यांत परत बोलून दाखवलं, 'म्हणजे ड्रेनची नळी उद्या सकाळी काढायची, पोटॅशियम रात्री दहाला परत पाठवायचं आणि साडेपाचच्या वर आलं तर तुम्हाला फोन', की देणाऱ्याला लगेच आठवतं काय सांगायचं राहिलं. अमेरिका-कॅनडातल्या ९ रुग्णालयांच्या बालविभागांत ओव्हर देण्याची अशी बांधीव पद्धत बसवली, तिच्यातली शेवटची पायरी हीच, घेणाऱ्याने परत सांगण्याची. २०१४ साली छापून आलेल्या निष्कर्षांत उपचारांतल्या चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आपल्याकडे एका सिस्टरकडे रात्री किती पेशंट असतात ते आठवलं की ही पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही हे उघड आहे. पण त्यातल्या ज्या चार पेशंटबद्दल छातीत धाकधूक आहे, त्यांच्यापुरती उलट घंटा वाजवायला जमतं.

राहिल्या नळ्या आणि रिपोर्ट.

ट्रॉलीवरून नेताना लघवीची पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवायची सवय सगळीकडे दिसते, मांडीवर डबा ठेवावा तशी. पिशवीतली लघवी नळीतून परत मूत्राशयात उतरते आणि जंतूही तिच्याबरोबर. ट्रॉलीच्या खालच्या दांडीला, पेशंटच्या पातळीच्या खाली अडकवायची, आधी रिकामी करून, आणि नळी चाकात येत नाही एवढं बघून. घरी कॅथेटरसकट पाठवत असतील तर कुठल्या तारखेला घातली आणि कुठल्या तारखेला बदलायची किंवा काढायची, दोन्ही तारखा हव्यात. साध्या लॅटेक्सच्या नळीला चार आठवड्यांच्या पुढे ठेवणं बरं नव्हे. नाकातल्या नळीला नाकपुडीशी किती सेंटिमीटरवर खूण आहे ते कार्डावर हवं, म्हणजे घरी ती दोन बोटं बाहेर सरकली तर भरवण्याआधी लक्षात येईल.

पण सगळ्यात जास्त विसरली जाते ती न दिसणारी नळी. मूतखड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत ठेवलेला डीजे स्टेंट. पेशंट कणकवलीचा किंवा चिपळूणचा, मुंबईत भाच्याकडे उतरून ऑपरेशन केलेलं, कार्डावर 'सहा आठवड्यांनी फॉलोअप'. दुखणं थांबलेलं असतं. रात्रीच्या कोकणकन्येने तो गावी जातो, मग भातलावणी येते, मग गणपती. फॉलोअप म्हणजे डॉक्टरांना तोंड दाखवून यायचं, असंच त्याच्या डोक्यात. आत काहीतरी ठेवलेलं आहे आणि ते काढायलाच हवं, हे त्याला कुणी त्याच्या भाषेत सांगितलेलंच नसतं. स्टेंटवर खडे चढत जातात, तो आत चिकटतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी पाच मिनिटांत निघाला असता त्यासाठी मोठं ऑपरेशन होतं. कधी तोवर मूत्रपिंडच निकामी झालेलं असतं. 'सहा आठवड्यांनी' याऐवजी तारीख लिहायची, तीही ठळक. 'आत नळी आहे, ती या तारखेला काढायची' असं मराठीत. घरातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये तिथेच, बेडजवळ उभं राहून गजर लावून घ्यायचा. आणि विभागात एक वही, स्टेंट घातला की डाव्या पानावर तारीख, काढला की उजव्या पानावर. महिन्याच्या एक तारखेला ज्यांचं उजवं पान कोरं त्यांना फोन.

रिपोर्टचंही तेच. लघवीचा किंवा रक्ताचा कल्चर रिपोर्ट (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) यायला दोन-तीन दिवस जातात, टीबीच्या कल्चरला सहा आठवडे. पेशंट दुसऱ्या दिवशी घरी. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो की चालू अँटिबायोटिक या जंतूवर चालत नाही, आणि तो कागद वॉर्डाच्या टेबलावरच्या ढिगात जाऊन बसतो. कार्डाच्या तळाशी एक ओळ पुरते: कुठला रिपोर्ट यायचाय, कधी येईल, कोणत्या नंबरवर विचारायचं. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डाचा नंबर देऊन उपयोग नाही, तो वाजत राहतो. आणि कार्ड हरवलं तरी हातपाय गाळायचे नाहीत. रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत लिहिलेलं आहे. तारीख घालून लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

रानडे रोडवरच्या त्या दुकानदाराने कार्डावरचा नंबर फिरवला. तो वाजत राहिला. त्याने फोन ठेवला, मागच्या माणसाला क्रोसिन दिली आणि परत वळला. "ताई, बंद करा असं मी सांगू शकत नाही. पण दोन्ही एकदम देऊ नका. आज रात्री कार्डावरची तेवढीच द्या, आणि उद्या ओपीडीत हे दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा. चक्कर आली तर उद्याचीही वाट बघू नका." मग त्याने साडीच्या पिशवीतल्या जुन्या स्ट्रिपा एकेक करून कार्डाशी ताडून पाहिल्या. कार्डावर होत्या त्या एका बाजूला. नव्हत्या त्या चार निघाल्या. त्यांना त्याने रबरबँड लावला, बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात 'विचारल्याशिवाय नको' असं लिहिलं आणि तो कागद रबरबँडखाली खोचून दिला. बाईंनी ती जुडी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली, चेन लावली, आणि बाहेर पडता पडता मागे वळून विचारलं, "काका, आणि ते डोळ्यांचे थेंब?"